इमारतीमागची सावलीतली पट्टी : माती कशी करावी, काय लावावं?

तळमजला | ९ मार्च, रात्री १०:४२

ठाण्यात वर्तकनगरजवळ आमची तीन मजली जुनी इमारत आहे, आम्ही तळमजल्यावर. स्वयंपाकघराच्या मागे इमारत आणि कंपाउंडची भिंत यांच्यामध्ये तीस फूट लांब, चार फूट रुंद पट्टी आहे. उत्तरेची बाजू. एका टोकाला आमचा सोनमोहोर, दुसऱ्या टोकाला शेजारच्या सोसायटीचा आंबा भिंतीवरून आत वाकलेला. दिवसभर सावली, दुपारी थोडे कवडसे, बस.

सासूबाई होत्या तोवर तिथे अळू होता, कर्दळ होती. पुढे इमारतीचं प्लास्टर झालं आणि ठेकेदाराने अर्धं राबिट (बांधकामाचा मलबा) तिथेच पसरून वर माती टाकून दिली. त्यानंतर मी तीनदा नर्सरीतून झाडं आणली. मोगरा, जास्वंद, क्रोटन. पाऊस सुरू झाला की महिन्याभरात माना टाकतात. उपटून बघितलं तर मुळं काळी, वास मारणारी.

या वर्षी नीट करायचं ठरवलंय. दरवर्षी नवी लावायला जमणार नाही, गुडघे बोलतात. एकदा लावली की वर्षानुवर्षं राहतील अशी हवीत. माती सगळी बदलावी का? कमिटीची एकच अट आहे : भिंतीला ओल येता कामा नये.

एकरकमी | ९ मार्च, रात्री ११:२०

सोपं आहे ताई. एक ब्रास लाल माती मागवा, सहा इंच थर द्या, वर लॉन किंवा अरेका पाम. दोन दिवसांत काम फत्ते. आमच्या घोडबंदर रोडच्या सोसायटीत असंच केलं.

मातीकाम | १० मार्च, सकाळी ६:१५

एकरकमी, तुमच्या सोसायटीतल्या त्या लॉनचं दोन पावसाळ्यांनंतर काय झालं तेही लिहा की. (हलकेच घ्या.)

तळमजला, माती मागवायच्या आधी दोन गोष्टी करा, फुकट आहेत.

पहिली. पट्टीत तीन ठिकाणी फूटभर खोल खड्डे घ्या. काठोकाठ पाणी भरा, ते जिरू द्या. मग पुन्हा भरा आणि घड्याळ लावा. पहिल्या भरण्याचा हिशेब धरायचा नाही, कोरडी माती कितीही पिते. दुसऱ्या वेळी तासाला इंचभर तरी पातळी उतरायला हवी. तेवढी उतरली तर निचरा चालण्यासारखा. चार तासांनी पाणी तसंच असेल तर तुमची झाडं सावलीने मेली नाहीत, बुडून मेली.

दुसरी. वरची, मधली आणि फूटभर खालची अशी मूठमूठ माती वाळवून वेगवेगळ्या बशीत घ्या आणि वर पांढरं व्हिनेगर ओता. फसफसलं तर समजा सिमेंट-चुना आहे. आपल्याकडे वर्षाला अडीच हजार मिलिमीटरच्या घरात पाऊस पडतो, मूळ मातीत चुना फारसा उरत नाही. ती बहुतेक आम्लधर्मीच असते. म्हणजे फेस आला तर तो प्लास्टरचा. अशा मातीत झाडाला लोह घेता येत नाही : कोवळं पान पिवळं आणि शिरा तेवढ्या हिरव्या. लोक त्यावर युरिया मारत बसतात.

आणि कुदळ जपून चालवा. झाडाची अन्न घेणारी मुळं बहुतेक वरच्या फूट-दीड फुटातच असतात.

सीवूड्स_काकू | १० मार्च, सकाळी ९:०५

अगं, मुळं सडली हे वाचूनच कळलं, सगळी दुखणी एकच! आमच्या नवी मुंबईत तर खाली मुरमाचा भराव, वर ट्रकने आलेली वीतभर माती. घर घेतलं तेव्हा मला वाटलं होतं, समुद्राची हवा, मोकळी जागा, काय बाग होईल. पहिल्या जुलैत अंगणात बेडूक पोहत होते.

मी शेवटी जमीन खोदायचा नाद सोडला आणि वर चढले. म्हणजे वाफे उंच केले. चिऱ्याचे दगड नुसते मांडले, सिमेंट नाही, आत नऊ इंच माती. पाणी फटींतून आपोआप जातं. बागेत एवढाच खर्च केला आणि तो वसूल झाला.

निंबोळी | १० मार्च, दुपारी १:३०

काकूंशी सहमत, पण तळमजलाताईंकडे दोन मोठी झाडं आहेत. खोडाला लागून नऊ इंच माती चढवली तर खोडाची साल ओली राहून कुजते. खोडापासून दोन-तीन फूट तरी मूळ पातळीच ठेवा. इमारतीच्या भिंतीपासूनही फूटभर जागा सोडा, माती प्लिंथच्या (जोत्याच्या) वर जाऊ द्यायची नाही. त्या फुटात खडी भरा आणि गटाराकडे उतार द्या. कमिटीचा प्रश्नही तिथेच मिटतो.

मग चार फुटांतले तीनच उरतात हे खरं आहे. उरू देत.

एकरकमी | १० मार्च, दुपारी २:१०

निचरा नाही तर वाळू मिसळा. सरळ उपाय.

मातीकाम | १० मार्च, सायं. ७:४८

चिकट मातीत थोडी वाळू म्हणजे वीट. फरक पडायला निम्म्याहून जास्त वाळू लागते, तेवढी कोण आणणार? चिकट माती मोकळी होते ती कुजलेल्या पाल्याने आणि गांडुळांनी. वेळ लागतो पण होते.

येऊरवाट | ११ मार्च, सकाळी ७:३०

माती लोक सांगतीलच. मला त्या "दिवसभर सावली"बद्दल शंका आहे.

तुम्ही आत्ता मार्चात बघताय. ठाणं साधारण १९.२ अंश उत्तर अक्षांशावर. डिसेंबरात भर दुपारचा सूर्य दक्षिणेकडे जेमतेम ४७ अंशांवर असतो, तेव्हा इमारतीची लांब सावली तुमच्या पट्टीवर पडते. मेच्या मध्यात तो बरोबर डोक्यावर येतो (शून्य सावलीचा दिवस) आणि तिथून जुलैच्या शेवटापर्यंत दुपारीही आपल्या उत्तरेला असतो. सकाळ-संध्याकाळी तर मार्चअखेरीपासूनच उत्तरेकडून येतो. म्हणजे तुमच्या उत्तरेच्या पट्टीला वर्षातलं सगळ्यात कडक ऊन मे महिन्यात मिळणार. जून-जुलैत ढग वाचवतात. मेमध्ये कोण वाचवणार?

परदेशी व्हिडिओंत उत्तरेची बाजू म्हणजे कायमची सावली, कारण ते लोक कर्कवृत्ताच्या बरेच वर राहतात. आपण खाली आहोत.

कागदावर पट्टीचा नकाशा काढा. महिन्यातून एका रविवारी सकाळी ९, दुपारी १२, ३ आणि ५ वाजता ऊन कुठे आहे तेवढी रेघ मारा. लावायची घाई करू नका, तसंही लावायचं जूनमध्येच.

बाल्कनीतला | ११ मार्च, रात्री ९:५५

व्हिडिओवरून आठवलं. मी गेल्या वर्षी सावलीसाठी होस्टाचे कंद ऑनलाइन मागवले. फोटो काय सुंदर! दोन पानं आली, मग काहीच नाही. कोणाकडे जगलाय का?

येऊरवाट | ११ मार्च, रात्री १०:२०

होस्टाला हिवाळ्यात खरी थंडी लागते, काही आठवडे झोपायला. आपल्या जानेवारीत त्याला डुलकीसुद्धा लागत नाही.

तळमजला | १७ मार्च, रात्री ९:३०

रिपोर्ट देते.

आंब्याकडचा खड्डा : तासाला दोन इंच उतरलं. मधला : अर्धा इंच. सोनमोहोराकडे मुळांचं जाळंच लागलं, खड्डा वीतभरच झाला, पण पाणी भराभर गेलं.

व्हिनेगर : वरच्या मातीत काही नाही. मधल्या खड्ड्याच्या खालच्या मातीने मात्र इनोसारखा फेस काढला. मग मुलाने पहार घेऊन मधला आठ फुटांचा भाग उकरला. प्लास्टरचे थर, टाइलचे तुकडे आणि सिमेंटची अख्खी गोणी, तशीच्या तशी दगड झालेली. भंगारवाला "हे कशाला काढलंत" म्हणून गेला, तो वेगळाच.

म्हणजे सगळी माती नाही, एवढा आठ फुटांचा भागच रोगी होता. तीनही वेळा मी झाडं नेमकी तिथेच लावली होती, कारण खिडकीतून तेवढाच भाग दिसतो.

मातीकाम | १८ मार्च, सकाळी ६:०५

उत्तम. आता मधलं राबिट हाताने निघेल तेवढं काढा. चाळत बसू नका, अंगठ्याएवढे तुकडे राहिले तरी चालतील, पावडर जायला हवी. त्या खड्ड्यात लाल माती आणि कुजलेलं खत दोनास एक या प्रमाणात भरा. नुसती लाल माती नको. ती दिसते छान, पण तिच्यात खाऊ कमी असतो आणि पहिल्या सरीत वर पापुद्रा धरते.

बाकी पट्टीत खोदू नका. वर दोन इंच कुजलेलं खत पसरा आणि वरच्या तीन-चार बोटं मातीत खुरप्याने हलकं मिसळा. मुळं दिसली की तिथे थांबा. हिशेब : भिंतीकडचा फूट सोडून ९० चौरस फूट, दोन इंच म्हणजे १५ घनफूट. धान्याच्या सहा-सात गोणी.

शेणखत घेणार असाल तर नाकाने तपासा. शेणाचा वास आला तर परत पाठवा. कच्च्या शेणखतातून हुमणीची अळी येते आणि मुळं कुरतडते. चांगल्या खताला पावसाच्या मातीचा वास येतो. किलोभर निंबोळी पेंडही मिसळा.

निंबोळी | १८ मार्च, सकाळी १०:४०

माझ्या आयडीची जाहिरात केल्याबद्दल आभार.

सोनमोहोराचा पाला वाया घालवू नका. बारीक पानांचा असतो, लवकर कुजतो. दोन विटांवर जुनी जाळी गोल उभी करा, पाला भरा, ओला ठेवा. सहा-आठ महिन्यांत हाताला लागेल असा भुगा. आंब्याची पानं चिवट असतात, ती चुरून टाका नाहीतर वर्ष घेतील.

रसवंतीवाल्याकडचं चिपाडही छान, पण मातीच्या वर पसरायला. ताजं चिपाड मातीत पुरलं तर कुजवणारे जिवाणू मातीतलं नत्र आधी स्वतः खातात आणि झाडं पिवळी पडतात. मी हे करून बसलेय. शिवाय मुंग्या, त्यामुळे आधी पाण्यात बुचकळून घ्या.

एकरकमी | १८ मार्च, दुपारी १२:००

सोनमोहोराची आडवी मुळंच छाटून टाका ना. कटकट संपली.

मातीकाम | १८ मार्च, दुपारी १२:०७

आणि जुलैच्या वाऱ्यात सोनमोहोर कोणाच्या गाडीवर पडणार तेही ठरवून ठेवा. १९७५चा नागरी भागातल्या झाडांचा कायदा आहे, विनापरवाना झाडाला इजा केली तर प्रकरण अंगाशी येतं. मुळं तोडणं त्यातच धरतात. झाड आधी आलंय, आपण नंतर.

तळमजला | २० मार्च, सकाळी ८:२०

मुळांना हात लावणार नाही. आता झाडं सांगा. फुलं हवीतच असं नाही, पण नुसती ऑफिसच्या लॉबीसारखी बाग नको.

सीवूड्स_काकू | २० मार्च, सकाळी ११:३०

सोनटक्का! पहिल्यांदा तेच लाव. ओल आवडते, अर्धी सावली आवडते, भाद्रपदात संध्याकाळी दार उघडलं की घर भरून वास. फुलून झालेला दांडा जमिनीलगत कापायचा, नवे कोंब बाजूने येतात. माझ्याकडे एका गड्ड्याची चार वर्षांत अर्धी भिंत झाली. फक्त मेमध्ये पाणी द्यायला विसरायचं नाही.

आणि सासूबाईंचा अळू परत आण गं. जिथे पाणी रेंगाळतं तिथे. नुसतं शोभेचं लावून काय करायचं, श्रावणात वड्या कोण देणार?

येऊरवाट | २० मार्च, रात्री ८:४५

माझी यादी जरा वेगळ्या चवीची.

पेव : जूनमध्ये वर येतं, दांडा नागमोडी पिळ्यासारखा, पावसाळ्यात लाल बोंडातून पांढरी तलम फुलं. हिवाळ्यात पूर्ण वाळतं. मेलं समजून लोक उकरतात आणि त्या जागी दुसरं लावतात. तिथे काठी रोवून ठेवा.

फुटबॉल लिली : मेच्या शेवटी, पहिल्या वळवाच्या सुमारास जमिनीतून थेट लाल चेंडू येतो, पानं मागून. सोनमोहोराखाली मुळांच्या फटींत कांदा दडवता येतो, खोदावं लागत नाही. कांदा विषारी आहे, घरात लहान मूल किंवा मांजर असेल तर लक्षात ठेवा.

अबोली : तीन-चार तास ऊन मिळेल तिथेच. गडद सावलीत पानंच पानं.

नेचा : कुठेही.

रानहळदही सुंदर, पण नर्सरीतूनच घ्या.

बाल्कनीतला | २० मार्च, रात्री ९:१५

रानहळद येऊरला जुलैत रस्त्याच्या कडेला कितीतरी असते. दोन-चार कंद आणले तर कोणाला कळतंय?

येऊरवाट | २० मार्च, रात्री ९:२२

मला कळतंय. येऊर संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात येतं, तिथून झाड उपटणं हा १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली गुन्हा आहे. कायदा राहू दे. रविवारी तिथे किती माणसं येतात बघा आणि प्रत्येकी चार कंद असा गुणाकार करा.

निंबोळी | २१ मार्च, दुपारी ३:००

एकदम गडद कोपऱ्यासाठी रॅपिस पाम आणि अग्लोनिमा. लॉबीतले आहेत खरे, पण दमदार. डिफेनबेकिया नको, पान चावलं तर तोंडाची आग आणि सूज. मनीप्लांट जमिनीवर सोडू नका. आज गोड दिसतो, दोन वर्षांत सोनमोहोरावर चढून ताटाएवढी पानं करतो आणि खाली काही उरू देत नाही. जमीन झाकायला मंडूकपर्णी लावा, ओलीत पसरते, चटणीही होते.

आंब्याकडे निचरा चांगला आहे तर विड्याच्या पानाची वेल लावाच. तिला सावली हवी, दमटपणा हवा, पण पायाशी पाणी साचलेलं खपत नाही.

तळमजला | २१ मे, सायं. ६:१०

धागा वर काढते.

माती एप्रिलमध्ये झाली. येऊरवाट, तुमचं ऐकलं आणि नाहीही ऐकलं. नकाशा काढला, पण मोह झाला म्हणून अग्लोनिमाच्या चार कुंड्या एप्रिलअखेरीस पट्टीत नेऊन ठेवल्या. परवा दुपारी बघते तर मधल्या दोघांची पानं कागदासारखी पांढरी, कडा भाजलेल्या. त्यातच मागच्या आठवड्यात पावसाळ्यापूर्वीची छाटणी झाली आणि आंब्याची ती वाकलेली फांदी गेली. साडेअकरा ते तीन, मधल्या दहा फुटांत रणरणतं ऊन. वीस वर्षं या घरात राहते, पण मेमध्ये दुपारी मी तिकडचं दार कधी उघडतच नव्हते.

येऊरवाट | २१ मे, रात्री १०:००

कुंड्याच होत्या, उचलून आत घेता आल्या हे बरं. भाजलेली पानं आत्ता कापू नका, ती नव्यांना सावली देतात. आणि तुमचा नकाशा बदलला : मधला भाग अबोलीचा. कडेला तात्पुरतं जुनं पातळ (लुगडं) बांधा, पाऊस येईपर्यंत.

तळमजला | १६ जून, रात्री ९:००

लागवड झाली. पहिल्या जोरदार सरी पडून गेल्यावर चार दिवस थांबले, पाणी कुठे साचतं ते बघितलं, मगच लावलं. सोनमोहोराखाली फुटबॉल लिलीचे सात कांदे आणि नेचे. मध्ये अबोली आठ रोपं. आंब्याकडे सोनटक्का, पेव, पानवेल. गटाराच्या तोंडाशी अळू. अग्लोनिमा भिंतीच्या आडोशाला, जिथे मेमध्येही ऊन पोचलं नाही.

तळमजला | १९ जुलै, रात्री ११:३०

गोगलगायी!! मुठीएवढ्या, शंखवाल्या. एका रात्रीत अबोलीची तीन रोपं नुसत्या काड्या. मीठ टाकू का?

सीवूड्स_काकू | १९ जुलै, रात्री ११:४५

मातीवर मीठ नको गं बाई, झाडंच मरतील. त्या आफ्रिकन गोगलगायी, आमच्याकडे भिंतीवर चढतात. संध्याकाळी ओलं गोणपाट गुळाच्या पाण्यात बुडवून पट्टीत पसर. सकाळी उचल, खाली सगळी सभा भरलेली असते. बादलीत मिठाचं पाणी घेऊन त्यात टाक. हातमोजे घालूनच, त्यांच्यातून जंत पसरतात. आठवडाभर रोज कर, एक दिवसाने काही होत नाही.

मातीकाम | २० जुलै, सकाळी ६:००

आणि चिपाडाचा थर अबोलीच्या बुंध्यापासून वीतभर दूर सारा. पावसाळ्यात तोच त्यांचा दिवसाचा मुक्काम असतो. जमीन झाकणं हे उन्हाळ्याचं काम, ते ऑक्टोबरात परत करा.

तळमजला | २७ सप्टेंबर, रात्री १०:१५

तीन रात्रींत एकशेचाळीस मोजल्या, मग मोजणं सोडलं. आता कमी आहेत.

हिशेब : अबोली आठातल्या पाच उरल्या, दोन फुलल्या. पेव कमरेइतकं, फुलं येऊन गेली. सोनटक्क्याला या वर्षी दोनच दांडे फुलले, पण वरच्या मजल्यावरून विचारणा आली की वास कसला येतोय. पानवेल रुसली आहे, एकच पान धरून बसलीय. लिलीची फक्त पानं. मधल्या भागात अबोलीची नवी पानं पिवळी, शिरा हिरव्या.

अळू मात्र बेफाम. वड्या चारदा झाल्या. भिंतीला ओल नाही, सेक्रेटरी काका स्वतः हात लावून बघून गेले आणि एक जुडी घेऊन गेले.

मातीकाम | २८ सप्टेंबर, सकाळी ६:१०

मध्ये अजून सिमेंट आहे. चिलेटेड लोह (झाडाला घेता येईल अशा रूपातलं) पाकिटावरच्या प्रमाणात पानांवर फवारा, तो तात्पुरता उपाय. खरा उपाय म्हणजे दर वर्षी वरून पालाखत. कृषी खात्याच्या प्रयोगशाळेत माती तपासून घेता आली तर सामू (pH, म्हणजे माती आम्ल की अल्कधर्मी) नक्की कळेल : पाच-सहा ठिकाणची वीतभर खोलीची माती एकत्र करून, सावलीत वाळवून, अर्धा किलो द्या.

निंबोळी | २८ सप्टेंबर, दुपारी १:००

लिली यंदा फुलणार नव्हतीच, कांदे जूनमध्ये लावलेत. पानं पिवळी होऊन आपोआप गळू द्या, कापू नका. पुढचा मे बघा.

तळमजला | ११ डिसेंबर, सकाळी ९:४०

पेव वाळलं. काठी रोवली आहे. तरी परवा कामवाल्या मावशींनी "ताई, हे मेलं, काढू का?" विचारलंच.

बाल्कनीतला | ११ डिसेंबर, सकाळी १०:०५

ताई, कंद वाढले असतील तर दोन मला द्याल का? होस्टाची कुंडी रिकामीच आहे. मी शनिवारी तलावपाळीला येतो.

तळमजला | ११ डिसेंबर, सकाळी १०:३०

आत्ता उकरणार नाही. मेच्या शेवटी या, कोंब दिसला की देते. गोणपाट घेऊन या, गोगलगायीही न्या.